चेनमधून काढलेल्या दोन कड्या

मिस्त्रीनं मला फसवलं. खामगावातल्या ज्या मिस्त्रीच्या दुकानात मी वीस वर्षं स्वतःच्या घरापेक्षा जास्त बसलो, त्यानंच मला झिजलेली चेन चांगली म्हणून गळ्यात बांधली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. आमच्याकडे लोक म्हणतात, याला कोण फसवणार, हा सख्ख्या भावाच्या हातातली वस्तूसुद्धा उलटी करून पाहतो. खरं आहे, मी पाहतो. त्या दिवशी पाहिली नाही.

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. सुरुवात सायकलींच्या भंगारापासून केली. पाठीशी कोणी नव्हतं, भांडवल म्हणजे एक पोतं आणि दोन पाने. मग मोटारपंप आले, फवारणीचे पंप आले, मळणी यंत्रं आली. गावात जायचं, वस्तू पाहायची, नाक मुरडायचं आणि निघून जायचं. बांधापर्यंत पोचलो की मागून हाक यायची. हाक आल्यावर परत फिरायचं, पण चेहरा असा ठेवायचा की उपकार करतोय. यात माझं आयुष्य गेलं आणि यातूनच वरवट बकालजवळ संत्र्याची बाग उभी राहिली. तोंड माझं वाईट आहे. राग नाकावर असतो. त्यामुळे शेजारी दुरावले, गडी टिकले नाहीत. बायको होती तोवर ती सगळ्यांची समजूत घालायची. ती गेल्याला चार वर्षं झाली. मुलगी अकोल्याला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते.

मिस्त्री मात्र टिकला होता. मी माल आणायचा, त्यानं दुरुस्त करायचा, मी विकायचा. मी गिऱ्हाइकाशी भांडत असलो की तो पाठमोरा बसून पाना फिरवत राहायचा, आणि गिऱ्हाईक गेलं की मान न वळवता म्हणायचा, "झालं का शेठ तुझं कीर्तन? चहा सांग आता." मला शेठ म्हणणारा तो एकटाच. त्यात निम्मी थट्टा असायची, पण निम्मी नसायची, असं मी धरून चाललो होतो.

चेन पाहायला मला त्यानंच शिकवलं. जुनी गाडी घ्यायची तर मालक काय बोलतो ते ऐकायचं नाही. खाली बसायचं. मागच्या दातेरी चाकाच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरायची आणि मागं ओढायची. चेन जागची हलली नाही तर चांगली. ओढल्यावर खालचा अर्धा दात उघडा पडला तर चेन लांबली, संपली. पाच सेकंदांचं काम. शेकडो गाड्यांच्या मागं मी असा उकिडवा बसलो असेन. मालक वरून शपथा घेत असतात आणि मी चिमटीत चेन धरून दात पाहत असतो.

आता त्या गाडीचं सांगतो. हायवेवर एका हौशी माणसानं मुलांना खेळायला मैदान काढलं होतं, झोके, घसरगुंड्या, आणि चार जाड चाकांच्या दोन एटीव्ही गाड्या. बसायचं मोटारसायकलसारखं, हँडलही तसंच, पण खाली चार चाकं. ते मैदान बंद पडलं तेव्हा त्यातली एक गाडी मिस्त्रीनं स्वतः घेतली. वीस वर्षांत त्यानं स्वतःच्या जिवावर घेतलेली ती पहिलीच वस्तू. नाहीतर घेणारा नेहमी मी.

मला ती गाडी बागेसाठी हवी होती. आमच्या पांदणीत, म्हणजे शेतवाटेला, काळी माती आहे, मोटारसायकल आडवी होते. ट्रॅक्टर झाडांच्या ओळीत शिरत नाही. या गाडीला मागं लहान ट्रॉली लावली तर औषधाचा ड्रम घेऊन पार शेवटच्या झाडापर्यंत जाता येतं. मी दुकानात गेलो तेव्हा ती कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. मी ताडपत्रीचं एक टोक उचललं, इंजिन पाहिलं, टायर दाबून पाहिले आणि टोक सोडून दिलं.

"शेठ, हे तुह्या कामाचं नाही," मिस्त्री म्हणाला. "या वयात यावर बसून काय सर्कस करशीन?"

"तू भाव सांग बे."

त्यानं भाव सांगितला. मी हसलो.

"हसतं काऊन?"

"रडू का मंग? चार चाकं हायेत म्हणून चौपट सांगून राह्यला."

"दुसरीकडं पाय मंग. सगळ्या जिल्ह्यात लाइनच लागली आहे ना अशा गाड्यांची."

"लाइन गाड्यांची नाही अन् गिऱ्हाइकांचीही नाही. कोण नेईन हे बेडूक? लग्नात नवरदेव मिरवाले?"

असं आमचं नेहमीच चालायचं. एरवी तो दोन तास नमायचा नाही. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो, आणि त्यानं लगेच हाक मारली. "ने. तू म्हणशीन त्या भावात ने." मला कारण माहीत होतं. त्याच्या बायकोला उपचारासाठी नागपूरला न्यायचं होतं आणि त्याला घाई होती. मला घाई दिसली की मी अजून थोडं खाली ओढतो. तेव्हाही ओढलं. हे मी लपवत नाही. त्यानं मान हलवली, हात पुसला आणि म्हणाला, "परवा ये. धुऊन पुसून ठेवतो."

परवा गेलो. गाडी बाहेर उभी होती, स्वच्छ. मिस्त्री तिच्यामागे वाकला आणि मागच्या हबवरच्या रेघा बोटानं दाखवल्या. या गाडीला चेन ताणायची पद्धत वेगळी आहे. मागचा एक्सल एका गोल हबमध्ये बसवलेला असतो, जरा एका बाजूला. हब फिरवला की एक्सल मागं सरकतो आणि चेन ताणली जाते. हबवर रेघा असतात, शेजारच्या दांड्यावर एक खूण. चेन नवी असताना खूण पहिल्या रेघेवर, आणि झिजत झिजत शेवटच्या रेघेवर आली की चेन फेकायची.

"पाय, अजून निम्म्या रेघा बाकी हायेत," तो म्हणाला. "दोन साल पाहणं नाही."

मी उभ्यानंच पाहिलं. हो, निम्म्या बाकी होत्या. मी खाली बसलो नाही. चेन चिमटीत धरली नाही. त्याच्या देखत त्याच्याच वस्तूमागे उकिडवं बसायचं मला कसंतरी वाटलं. वीस वर्षांत मी लाज बाळगली ती ही एवढीच.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. गावातली माणसं पांदणीच्या कडेला थांबून पाहायची. गाडीला त्यांनी बेडूक हेच नाव ठेवलं, माझ्या तोंडचं नाव तिथवर कसं पोचलं कोण जाणे. चेन हळूहळू ढिली होऊ लागली. नव्या गाडीचीही होते, त्यात काही वावगं नाही. ती कसायची.

पण ही चेन एकट्यानं कसायची नसते. सीटवर माणूस बसला की मागचा दांडा वर दबतो आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन माणूस बसल्यावर तारेसारखी होते. म्हणून एकानं वर बसायचं आणि दुसऱ्यानं खाली वाकून मोजायचं. दोन दातेरी चाकांच्या मधोमध चेनला खालून बोट लावायचं, वरखाली हलवायची, दोन बोटं हलली पाहिजे. मग गाडी हातभर पुढं ढकलायची आणि पुन्हा पाहायचं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी नसते. जिथं सर्वात घट्ट लागेल तिथं दोन बोटं ठेवायची.

मोटारसायकलींचंही आम्ही असंच करायचो. मी आणि मिस्त्री एकदा जिनिंगच्या वजनकाट्यावर मजा म्हणून चढलो होतो, कापसाच्या गाठींमागोमाग. काट्यावरच्या माणसानं सांगितलं, दोघांत किलोभराचाही फरक नाही. तेव्हापासून माझ्या वापरातल्या गाडीची चेन कसायची असली की मिस्त्री म्हणायचा, "मी बसतो. मी बसलो काय अन् तू बसला काय, चेनले काय समजते." तो वर बसून विडी ओढायचा. मी खाली वाकायचो, कारण माझी बोटं बारीक आहेत. त्याच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो एसटीनं बागेत यायचा, भाकर खायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. काही काम असलं तर करायचो, नसलं तर झाडाखाली पडून राहायचो. बायको गेल्यावरही त्यात खंड पडला नव्हता. तिच्या तेराव्यानंतरच्या सुट्टीला तो आला, भाकरीचं पीठ पाहिलं, म्हणाला, "यात मीठ कोण टाकीन?" आणि स्वतःच टाकलं.

एटीव्ही घेतल्यावर तो यायचा बंद झाला. पहिल्या सुट्टीला मी वाट पाहिली, दुसऱ्या सुट्टीला फोन केला.

"काम आहे शेठ."

"चेन ढिली झाली. बसाले ये."

"पुढल्या हप्त्यात येतो."

पुढच्या हप्त्यात पाहुणे होते. त्याच्या पुढच्या हप्त्यात नागपूर. मग फोन वाजून वाजून बंद व्हायला लागला. मी स्वतःची समजूत काढली की बायकोच्या आजारपणात आहे. अशी समजूत काढणं हा माझा स्वभाव नाही. दुसऱ्या कोणी तीनदा टाळलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन गल्ली गोळा केली असती.

चेन दातांवरून उड्या मारायला लागली तेव्हा थांबता येईना. शेजारच्या शेतकऱ्याला बोलवावं, तर त्याच्याशी बांधावरच्या निंबाच्या फांदीवरून माझं बोलणं बंद. त्याच्या बांधाशी मी दोन मिनिटं उभा राहिलो. तो तुरीत वाकलेला होता. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि मी परत आलो. दोन मिनिटं येऊन सीटवर बस, एवढंच म्हणायचं होतं. या वयात कोणाला, ये, माझ्या गाडीवर बस, असं म्हणायचं म्हणजे काय वाटतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

मग मी रिकाम्या गाडीवरच कसली. हबचे दोन बोल्ट सैल केले, खाचेत सळई घालून हब फिरवला, बोटानं पाहिलं, दोन बोटं. मनात म्हटलं, बसल्यावर घट्ट होईल, म्हणून अजून थोडी ढिली ठेवू. पण किती ढिली? हात अंदाज करत होता, आणि ढिली चेन दातांवरून उडते याची धास्ती होती. दोनाची दीड झाली. बोल्ट आवळले. वर बसलो. बसल्यावर खाली वाकून स्वतःच्या खालची चेन पाहायचा प्रयत्न केला, तर उतरावंच लागतं, आणि उतरलं की ती पुन्हा सैल. दोनतीनदा चढलो, उतरलो. कोणी पाहत नव्हतं हे बरं.

पाचव्या दिवशी ती तुटली. बागेच्या पलीकडच्या बाजूला नाला आहे, त्याचा चढ मुरमाचा. ट्रॉलीत औषधाचा भरलेला ड्रम. निम्म्या चढावर फटकन आवाज झाला, इंजिन मोकळं ओरडायला लागलं आणि गाडी मागं यायला लागली. ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण मुरमावरून सगळंच घसरत खाली आलं. ट्रॉली वाकडी झाली, गाडी तिच्यावर टेकली आणि माझा डावा पाय पायठेवणी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. हाड मोडलं नव्हतं, पण पाय निघत नव्हता.

सकाळचे दहा असतील. नाल्यात फोनला रेंज येत नाही. मी बसून राहिलो. ऊन अंगावर आलं, मग डोक्यावर आलं. घरी उशीर झाला म्हणून वाट पाहणारं कोणी नव्हतं. मुलीचा फोन रविवारी, आणि तो दिवस मंगळवार होता. मी हिशेब केला, रविवारपर्यंत माझी कोणालाही आठवण यायचं कारण नाही. मग मिस्त्री आठवला. तो असता तर आज बरोबर असता असं नाही, पण संध्याकाळी फोन लागला नाही तर तो निघाला असता. असं मला वाटलं. तुटलेली चेन हाताच्या अंतरावर पडली होती आणि मी अजून त्याच्यावरच भरवसा टाकून बसलो होतो.

दुपारनंतर एक शेळ्या चारणारी म्हातारी नाल्याच्या काठावर आली. वरूनच पाहायला लागली.

"काऊन बसले हो बापू इथं?"

"पाय अडकला."

"म्हंजे ते बेडूक तुमच्यावर बसलं का?"

"हसू नको बाई. एखादा दांडा पाय, हे उचलाले."

"दांडा आणते, पण मह्या शेळ्या कोण पाहीन? तुमच्याच बागेत घुसतीन, मंग तुम्हीच बोंबलसान."

"घुसू दे."

"आता घुसू दे म्हणता. मागच्या साली एक पान खाल्लं होतं तं गोटा फेकला होता तुम्ही."

तिनं दांडा आणला, खाली घातला, स्वतः त्याच्यावर आडवी पडली आणि मी पाय ओढून घेतला. ती धापा टाकत शेजारी बसली. मग म्हणाली, "मी सकाळपासून त्या टेकाडावर हावो. एक आवाज नाही तुमचा. हाक काऊन नाही मारली?"

मारली नव्हती हे खरं. पाच तासांत एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सुजलेला पाय बाजेवर ठेवून मी चेन पुढ्यात घेतली. डिझेलमध्ये फडकं बुडवून एकेक कडी पुसली. पुसता पुसता हाताला लॉक लागला. चेन जिथं जोडतात त्या कडीला आम्ही लॉक म्हणतो. बाकी चेन काळी आणि चपटी, आणि हा लॉक नवा. त्याच्यावर ग्रीस चोपडून काळा केला होता, ग्रीस निघालं आणि तो चकाकला. तो अडकवून ठेवणाऱ्या पत्तीला तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे होते. पत्ती निघू नये म्हणून अशी तार बांधणारा मी उभ्या जिल्ह्यात एकच पाहिला आहे. पत्तीचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, अगदी त्यानं मला शिकवलं तसं.

गाडीच्या मागच्या दांड्यावर कंपनीची पट्टी आहे. पुसट झाली आहे, पण चेनला कड्या किती हे वाचता येतं. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. खिळ्यानं प्रत्येक कडीवर ओरखडा ओढत तिसऱ्यांदा मोजल्या. दोन कमी.

झिजून लांब झालेल्या चेनमधून दोन कड्या काढल्या की ती आखूड होते. मग हब उलटा फिरवून खूण निम्म्या रेघांवर आणता येते, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं चेन अजून दोन वर्षं चालेल. हे मला माहीत आहे. हे पकडायलाच तर मी शेकडो गाड्यांमागे बसलो. एक सांगतो, चेन लॉकवर तुटली नव्हती. त्याच्यापासून बऱ्याच कड्या पुढं तुटली होती. त्यानं हात घातला तेवढी जागा शाबूत होती.

पाय टेकायला लागल्यावर मी खामगावला गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी चेन टेबलावर टाकली. ती वाजली तशी सगळी वळली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मिस्त्रीनं चेन उचलली. तुटलेलं टोक उजेडाकडे धरून पाहिलं. मग माझ्या पायाकडे पाहिलं.

"लागलं का?"

"दोन कड्या कुठी हायेत?"

त्यानं उलट विचारलं, "कसताना वर बसलं कोण होतं?"

हे त्यानं विचारायला नको होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. मी म्हटलं, "कोणी नाही."

"मंग? रिकाम्या गाडीवर कसली तू. तुटणारच होती."

"बसणार कोण होतं बे? कोण होतं बसाले?"

मी ओरडलो. समोरच्या चहावाल्यानं मान बाहेर काढली. मिस्त्रीनं चेन खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "तुले माहीत होतं मले काहाची घाई होती. माहीत असून तू ओढलं."

"हाव, ओढलं. तुह्या तोंडावर ओढलं. तू नाही म्हटलं असतं तं मी गेलो असतो. तू मह्या माघारी कापली."

"बस शेठ. चहा घे. नवी चेन देतो, आत्ता देतो."

"मले चेन नको. काऊन केलं ते सांग."

त्यानं गिऱ्हाइकांकडे पाहिलं, पाना उचलला, आणि म्हणाला, "धंद्यात होते बे."

मी त्याच्याकडून चहा न घेता निघालो. पायरीपर्यंत गेलो, रस्ता ओलांडला, स्टँडपर्यंत गेलो. मागून हाक आली नाही.

चार दिवसांनी जीपवाल्यानं एक खोकं आणून दिलं. आत नवी चेन, पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दातेरी चाकं नवी, आणि कागदाच्या पुडीत लॉक आणि तांब्याची तार. चिठ्ठी नव्हती. मी खोकं आठ दिवस ओट्यावर तसंच ठेवलं. मग बागेत फवारणीची वेळ आली आणि नाइलाजानं चेन बसवली. माझ्या वजनाचं म्हणून दीड पोतं जनावरांची सरकीची ढेप सीटवर चढवली, दोरीनं बांधली, आणि खाली वाकलो. पोतं एका बाजूला कलतं, ते सरळ करून पुन्हा वाकायचं. दोन बोटं बरोबर आली. गाडी तेव्हापासून चांगली चालते. दर महिन्याला मी ते पोतं चढवतो. शेजारी बांधावरून पाहतो.

या गोष्टीला आता सात महिने झाले. या सात महिन्यांत माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलं आहे. ज्या दिवशी भाव ठरला त्या दिवशी मी ताडपत्री निम्मीच उचलली होती. चेन पाहिलीच नाही. गाडी हातात आली ती दोन दिवसांनी. म्हणजे कड्या आधी काढलेल्या होत्या की भाव ठरल्यावर काढल्या, हे मला कळायला मार्ग नाही. आधी काढल्या असतील, तर त्या येणाऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकासाठी काढल्या, आणि गिऱ्हाईक म्हणून मी आलो तेव्हा त्याला थांबावंसं वाटलं नाही. नंतर काढल्या असतील, तर मी ओढलेल्या भावाच्या रागानं काढल्या, खास माझ्यासाठी, मला चढावर जायचं आहे हे माहीत असताना. कधी वाटतं पहिलं बरं. कधी वाटतं दुसरं बरं, निदान त्यात मी तरी आहे. झाडांना पाणी देताना, जेवताना, मुलीशी फोनवर बोलताना मी हेच उलटसुलट करत असतो, आणि सांगायला कोणी नाही म्हणून लिहितो आहे.

मिस्त्री, तुझी चेन बसवली आहे, तुझी तार बांधली आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण धंद्यात होतं हे उत्तर मी कोणाचंच घेतलेलं नाही, तुझंही घेणार नाही. त्या तीन गिऱ्हाइकांसमोर बोलायचं नव्हतं, ठीक आहे. आता दुकान बंद करून बोल, एसटीनं येऊन बोल, फोन उचलून बोल, पण बोल. कड्या तू भाव ठरायच्या आधी काढल्या की नंतर?